रविवारची प्रत

दाजी पेठ, सोलापूर
१६ जून २०२५

प्रिय यास्मीन,
अनेक आशीर्वाद.

कागदावर का लिहिते असं तू विचारशील, म्हणून आधीच सांगते. मशीन बंद पडलं तर काय करायचं, हे मशीनमध्येच लिहून ठेवणारी माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली. कपाटाची किल्ली कपाटात. तेव्हा तू जे सांगशील ते शाईने लिहून पाठव, मी फाइलला लावून ठेवीन. फोनवर तू भरभर बोलतेस आणि दर वाक्याला 'सिंपल आहे खाला' म्हणतेस. सिंपल असतं तर मी तुला विचारलं नसतं.

आता तक्रार. तुझी अम्मी आणि मी रिटायर झाल्यावर विडी वळणाऱ्या बायकांची जी गाणी रेकॉर्ड करत हिंडलो, ती सगळी तू बसवून दिलेल्या त्या लिनक्सच्या मशीनमध्ये आहेत. दर शनिवारी मी ती पेनड्राइव्हवर उतरवून घेत असे. परवा पेनड्राइव्ह लावला तर त्यात एक नवरदेव घोड्यावर बसलेला. माझ्या भाच्याने, मृत्युंजयने, साडूच्या लग्नाचे फोटो घ्यायला तो पुसून रिकामा केला होता. विचारलं तर म्हणतो, "आत्या, त्यात जुनंच होतं की सगळं." चादरींचा कारखाना चालवणाऱ्या माणसाला जुनं आणि निकामी यांतला फरक कळत नाही. त्याच्या बापाला, माझ्या भावाला, कळत होता.

मशीनमधलं मूळ शाबूत आहे, घाबरू नकोस. पण आता ते एकच उरलं आहे, आणि त्यावर लक्ष ठेवणारीही मी एकटीच उरले आहे. तुझी अम्मी महेजबीन होती तेव्हा आम्ही दोघी होतो. ज्यांची गाणी घेतली त्यांतल्या कितीतरी बायका गेल्या. पार्वतम्मावहिनीची आई त्यात आहे, ती गेली. तुझी अम्मी त्यात आहे. प्रश्न तीच विचारायची, मी नुसती रेकॉर्डिंगचं मशीन धरून बसायची.

माझ्या आठवणीवर आणि मृत्युंजयच्या अकलेवर अवलंबून नसेल अशी काही आपोआप होणारी तजवीज असली तर सांग.

तुझी,
लक्ष्मीखाला

*

कोंढवा, पुणे
२४ जून २०२५

लक्ष्मीखाला,
सलाम.

शाईने लिहिते आहे. अक्षराला हसू नका, वर्षानुवर्षं पेन धरलेलं नाही.

मृत्युंजयदादांवर फार रागावू नका. माणसाने आठवणीने करायची नक्कल कधी ना कधी चुकतेच. आमच्या ऑफिसातही चुकते, म्हणून तर आम्ही ती माणसाकडे ठेवतच नाही.

लिनक्समध्ये क्रॉन नावाचा एक चौकीदार असतो. त्याला एकदा वेळ आणि काम सांगून ठेवलं की तो रोज त्या वेळी ते काम करतो. त्याला सुट्टी नाही, कंटाळा नाही. मी त्याच्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची यादी, लिहिते आणि एक बाहेरची डिस्क कुरियरने पाठवते. ती केबलने मशीनला जोडायची. रोज पहाटे चौकीदार गाण्यांच्या फोल्डरची पूर्ण प्रत त्या डिस्कवर त्या दिवसाच्या नावाने ठेवील. अशा सात दिवसांच्या सात प्रती राहतील. आठव्या दिवशी नवी आली की सगळ्यात जुनी निघेल. शिवाय दर रविवारची एक प्रत वेगळी बाजूला राहील, अशा चार. पाचवा रविवार आला की त्यांतली सगळ्यात जुनी निघेल.

रविवारच्या प्रती कशाला, असं विचाराल. समजा आज एखादी फाइल खराब झाली आणि आठवडाभर कुणाच्या लक्षात आलं नाही, तर रोजच्या सातही प्रती खराबच निघणार. तेव्हा रविवारची उपयोगी पडते.

काम झालं की मशीन रोज मला निरोप पाठवील. तुम्हाला काहीच करायचं नाही.

यास्मीन

*

दाजी पेठ, सोलापूर
३ जुलै २०२५

प्रिय यास्मीन,

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'निघेल' हा शब्द तू फार सहज लिहितेस.

सगळ्यात जुनी प्रत निघेल म्हणजे काय? कुणी ठरवलं? आमच्या विमा ऑफिसच्या रेकॉर्ड सेक्शनला एखादी फाइल नष्ट करायची तर आधी यादी निघायची, ती तीन टेबलांवरून फिरायची आणि तिघांच्या सह्या झाल्याशिवाय गोणी बांधली जात नसे. तुझा चौकीदार पहाटे उठून कुणाला न विचारता जुनी प्रत उकिरड्यावर टाकणार, आणि याला तू तजवीज म्हणतेस. सगळ्यात जुनं तेच आधी जावं, हा न्याय मला या वयात पटण्यासारखा नाही. डिस्क मोठी घे, माझ्या पेन्शनमधून घे, पण टाकू काही नकोस.

डिस्क मिळाली. काळी, पानाच्या डब्याएवढी. पार्वतम्मा विचारत होती हे काय आणलं. मी थट्टेत म्हटलं, "वहिनी, यात तुझी आई राहायला येणार आहे." तिने डिस्कला हात लावून तो डोळ्यांना लावला. या घरात थट्टा करायची सोय नाही.

लक्ष्मीखाला

*

कोंढवा, पुणे
१३ जुलै २०२५

लक्ष्मीखाला,
सलाम.

तुम्ही भांडाल हे ठाऊक होतं. नीट सांगते.

चौकीदार गाणी टाकत नाही, त्या दिवसाची प्रत टाकतो. सोमवारच्या प्रतीत जी गाणी आहेत तीच मंगळवारच्या प्रतीत आहेत आणि तीच मूळ जागेवर आहेत. सोमवारची प्रत गेली म्हणून गाणं जात नाही. मूळ जागेवर आहे तोवर काहीच जात नाही. डिस्क कितीही मोठी घेतली तरी कधीतरी भरते, आणि भरलेली डिस्क रिकाम्यापेक्षा वाईट, कारण नवी प्रत तिच्यावर बसत नाही आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

परवा तुम्ही मशीन चालू ठेवलंत तेव्हा मी इथून आत शिरून सगळं बसवलं. पहिली प्रत झाली. आज सकाळी 'सगळं ठीक' असा निरोपही आला.

एवढंच सांभाळा की केबल ओढू नका, आणि मशीन बंद करायचं तर आधी शिकवलं तसं स्क्रीनवरून बंद करा, भिंतीवरच्या बटणाने नाही. हा कागद फाइलला लावा.

यास्मीन

*

दाजी पेठ, सोलापूर
९ सप्टेंबर २०२५

प्रिय यास्मीन,
आशीर्वाद.

गणपती गेले, कान मोकळे झाले. आता बातमी. इथल्या एका कॉलेजच्या लायब्ररीला आपली गाणी हवी आहेत. तिथल्या बाई येऊन ऐकून गेल्या. म्हणाल्या, गाणी फार मोलाची आहेत, पण मध्ये मध्ये डिस्टर्बन्स फार आहे.

खोटं नाही ते. पार्वतम्माची आई रंगात येऊन तेलुगू गाणं म्हणते आहे आणि मध्येच तुझ्या अम्मीचं "अच्छा, फिर?" कुठे "वाह". आणि तो खोकला. मी तेव्हाही तिला म्हणत असे, ज्येष्ठमध तोंडात धर, टेपवर येतं. ती ऐकायची थोडीच. गाणं संपल्यावरही तिचं काहीतरी चालूच. मिनिटंच्या मिनिटं नुसती विडीची पानं कातरल्याचा आवाज आणि ही मला मशीन बंद करू देत नाही.

तेव्हा कालपासून बसले आहे. मृत्युंजयच्या बायकोने कापायचं सॉफ्टवेअर दाखवलं. प्रश्न, खोकला, खुर्ची सरकल्याचा आवाज, सगळं काढून फक्त गाणं ठेवायचं आणि त्याच नावाने सेव्ह करायचं. कॉन्व्हेंटात सिस्टरनी घोटून घेतलेलं आहे की फेअर झालं की रफ फाडायचं. दोन्ही ठेवलं की कुठलं खरं यावर पुढे भांडण होतं. आणि काही चुकलंच तर तुझ्या प्रती आहेत. काहीच जात नाही असं तूच लिहिलं आहेस, कागद फाइलला आहे.

महेजबीन असती तर म्हणाली असती, लछमी गाण्यांना इस्त्री करत बसली.

पत्राचं उत्तर दे. तू हल्ली फार कामाची झाली आहेस.

लक्ष्मीखाला

*

कोंढवा, पुणे
२५ सप्टेंबर २०२५

लक्ष्मीखाला,
सलाम.

पत्र पोचलं. ऑफिसात फार धावपळ आहे म्हणून चार ओळी. मशीनचा रोज पहाटे 'सगळं ठीक' असा निरोप येतो आहे, काळजी नसावी. पार्वतम्मांना नवरात्राचा सलाम सांगा.

यास्मीन

*

कोंढवा, पुणे
१८ नोव्हेंबर २०२५

लक्ष्मीखाला,
सलाम.

तुमचं दिवाळीचं कार्ड नुसत्या सहीचं आलं, तेव्हा समजले की रागावला आहात. रागवायला कारण आहे. सप्टेंबरच्या पत्रात तुम्ही लायब्ररीबद्दल लिहिलं होतं, तेवढं वाचून पुढच्या ओळीत अम्मीचं नाव दिसलं आणि मी पत्राची घडी घालून ठेवून दिलं. पुढचं अजून वाचलेलं नाही. अम्मी गेल्यापासून मी असंच करते. तिची ओढणी असलेलं कपाट उघडत नाही. तुमच्या मशीनमध्ये इतक्या वेळा शिरले, गाण्यांच्या फोल्डरची प्रत घेतली, पण त्यातली एकही फाइल वाजवली नाही.

परवा माझ्या लेकीने विचारलं, "नानी कशी बोलायची?" मी करून दाखवायला गेले. तोंडातून आला तो शेवटच्या महिन्यांतला आवाज, घसा पुरता बसल्यानंतरचा. ती घाबरली. मी पुन्हा आठवून पाहिलं, दुसरा येतच नाही. खाला, मला अम्मीचा बरा आवाज आठवत नाही. तिला मेसेज पाठवायची सवय नव्हती, सरळ फोन करायची. तिचा फोनही तिच्याच लेकाने, आवेजभाईने, कुणाला देऊन टाकला.

तुमच्याकडे तो आवाज आहे. आजारपणाच्या आधीचा. कोणतीही एक फाइल पाठवा, जिच्यात ती बोलली असेल. आता मी ऐकेन.

तुमची,
यास्मीन

*

दाजी पेठ, सोलापूर
२५ नोव्हेंबर २०२५

प्रिय यास्मीन,

तुझं पत्र सकाळी आलं. तेव्हापासून मशीनसमोर बसून आहे. सगळ्या फाइली एकेक करून शेवटपर्यंत ऐकल्या. ती कुठेच नाही.

सप्टेंबरचं पत्र घडी उलगडून वाच, म्हणजे कळेल. मी इतकं स्वच्छ काम केलं आहे की एक शब्द शिल्लक नाही. एका ठिकाणी अर्धा श्वास राहिला आहे असं वाटून मी तो पुन्हा पुन्हा ऐकला. तो गाणाऱ्या बाईचा निघाला.

मी त्याच नावाने सेव्ह करत गेले. तुझ्या प्रतींमधून जुनं काढ. तू म्हणाली होतीस की काहीच जात नाही. आत्ता तो कागद काढून वाचला, तेव्हा आधीचे शब्द दिसले: मूळ जागेवर आहे तोवर. मी ते वाचले होते, पण लक्षात माझ्या सोयीचे तेवढेच राहिले. तरी तू बघ. चार रविवार होऊन गेले हे मलाही मोजता येतं, पण तू बघ.

आणखी एक. महिनाभर मशीन जागा संपत आली म्हणून सांगतं आहे. गाणी मी कापून लहान केली, मग जागा कशाने भरली? मला वाटलं माझंच काही चुकलं असेल, म्हणून बोलले नाही.

लक्ष्मीखाला

*

कोंढवा, पुणे
२९ नोव्हेंबर २०२५, शनिवार

लक्ष्मीखाला,

तुम्हाला आत्ता फोन केला. 'डिस्क कुठे आहे, मशीनला लावू नका' एवढंच बोलले, तुम्ही 'थांब' म्हणालात, काहीतरी आपटलं आणि फोन बंद झाला. तेव्हापासून लागत नाही. दुसऱ्या कुणाचा नंबर माझ्याकडे नाही. हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून सगळं लिहून काढते. हे पोचेपर्यंत काय व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

तुमचं पत्र मिळालं तशी मी मशीनमध्ये शिरले. सात रोजच्या आणि चार रविवारच्या प्रती जागच्या जागी होत्या. रविवारची सगळ्यात जुनी नोव्हेंबरमधली. उघडून पाहिली, तुम्ही कापलेलीच गाणी. म्हणजे संपलं, असं समजून मी बसून राहिले. बऱ्याच वेळाने तुमचं जागेबद्दलचं वाक्य आठवलं. प्रती डिस्कवर जातात, मग मशीनची जागा का भरावी?

भरत होती, कारण डिस्क जोडलेलीच नाही. एक ऑक्टोबरला मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं, तेव्हापासून ती नाही. केबल काढली तरी डिस्कच्या नावाचा रिकामा फोल्डर मशीनमध्ये राहतो. माझी स्क्रिप्ट त्या फोल्डरमध्ये प्रती ठेवत राहिली आणि मला 'सगळं ठीक' सांगत राहिली. नावाची पाटी बघून तिने सामान आत टाकलं, घर तेच आहे का ते बघितलं नाही. डिस्क खरोखर जोडली आहे का हे आधी तपासायची एक ओळ लिहायला हवी होती. दुसऱ्यांच्या सर्व्हरवर मी ती न चुकता लिहिते. आणि ते रोजचे निरोप मी न वाचता एका कोपऱ्यात जमा करत होते.

दोन महिने गाण्यांची बाहेर एकही प्रत नव्हती. मशीन जळालं असतं तर सगळंच गेलं असतं.

पण डिस्क एक ऑक्टोबरला निघाली असेल, तर चौकीदाराचा हात तिला तिथून पुढे लागलेला नाही. त्या दिवशी तिच्यावर सप्टेंबरचे चारही रविवार होते. पहिला सात तारखेचा. तुम्ही कापायला बसलात आठ तारखेला. सप्टेंबरचं पत्र आज पूर्ण वाचलं, त्यात 'कालपासून' असं लिहिलं आहे.

उद्या रविवार आहे. आज ती डिस्क मशीनला लागली, तर उद्या पहाटे चौकीदार उठेल, नवी प्रत ठेवील आणि सगळ्यात जुना रविवार पुसून टाकील. मी इथून त्याला आत्ता थांबवून ठेवलं आहे. पण मशीन भरून अडखळतं आहे, मधेच दाद देत नाही, त्याने माझं ऐकलं की नाही याची खात्री नाही.

डिस्क कुठे आहे खाला?

यास्मीन

*

दाजी पेठ, सोलापूर
१ डिसेंबर २०२५

प्रिय यास्मीन,

काल शेजारच्यांच्या फोनवरून तुझ्याशी बोलले तरी सगळं क्रमाने लिहिते, फाइलला राहील.

तुझ्या फोनच्या जरा आधी मी मशीनच्या मागे वाकून बघत होते, जागा कशाने भरली ते कळेल म्हणून. तिथे केबल लोंबत होती, टोकाला काही नाही. घरात सगळ्यांना ओरडून विचारलं. पार्वतम्मा स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणाली, "ती व्हय? देवापाशी हाय की."

देवघरात आमच्या मार्कंडेयाच्या फोटोखाली, मागाच्या धोट्याशेजारी, पाटावर ठेवली होती. हळद, कुंकू आणि त्या दिवशीचं ताजं फूल.

खंडेनवमीला या घरात सगळी हत्यारं धुऊन मांडतात. माग बंद, कात्री बंद, शिलाईचं मशीनसुद्धा बंद. मृत्युंजय म्हणाला, आत्या, तुझं मशीनही एक दिवस झोपू दे. मला त्यात गैर वाटलं नाही, तू शिकवलंस तसं स्क्रीनवरून बंद केलं. नंतर वहिनीने केबल सोडवून डिस्क नेली, हे मला माहीत नव्हतं. मी त्या पूजेला जात नाही, हे तुला माहीत आहे.

मी तिला म्हटलं, "दसऱ्याला परत का नाही जोडलीस?"

"आई हाय त्यात. तूच म्हनलीस."

"थट्टा होती ती वहिनी."

"असंल. पण आई घरला आल्यावर परत कोन पाठवतंय? राहू दे म्हनलं दिवाळीपर्यंत. मग कार्तिक लागला."

मी हात पुढे केला तर म्हणाली, आधी आंघोळ कर, सकाळपासनं पारोशी हिंडतीस. मला आला राग. या वयात मला कुणी आंघोळ कर म्हणून सांगावं. पण तिच्याशी भांडण्यापेक्षा चार तांबे ओतून घेणं लवकर होतं, म्हणून गेले. डिस्क हाती आली असती तर मी तत्काळ लावली असती. जागची वस्तू जागी, यापलीकडे मी दुसरा विचार केला नसता.

बाहेर येते तो तुझा फोन. 'लावू नका' म्हणालीस आणि समोर मृत्युंजय एका हातात डिस्क, एका हातात केबल घेऊन. मदत करत होता. "एक मिनिटाचं काम हाय आत्या." मी फोन टाकून त्याचा हात धरला. फोन फरशीवर आपटून फुटला. डिस्क वाचली. जोडलेली नव्हती, मी डोळ्यांनी पाहिलं.

आता पुन्हा तिच्या पाटावर ठेवली आहे. तिथून कुणी हलवणार नाही, एवढी खात्री आता मला आहे. वहिनीला मी शहाणी म्हणायला तयार नाही. केबल लावायच्या भोकात कुंकू गेलं आहे आणि एका बाजूला समईचं तेल ओघळलं आहे. ती उघडेल की नाही देव जाणे, आणि त्याच्याशी माझं बोलणं नाही.

तू ये. लवकर ये.

लक्ष्मीखाला

*

कोंढवा, पुणे
१३ डिसेंबर २०२५

लक्ष्मीखाला,
सलाम.

तुमच्याकडे मी काम करत होते तोवर ठीक होतं. कापसाच्या बोळ्याने कुंकू काढणं, डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही अशा रीतीने ती माझ्या लॅपटॉपला जोडणं, सात सप्टेंबरचा फोल्डर नव्या डिस्कवर उतरवणं. फाइली आहेत एवढं पाहिलं आणि वाजवल्या नाहीत. तुम्हीही 'वाजव' म्हणाला नाहीत, हे लक्षात आलं माझ्या.

परवा घरी आम्ही ऐकलं. लेकीला मांडीवर घेऊन. पार्वतम्मांच्या आईची फाइल लावली. गाणं संपतं. तुमचा आवाज येतो, "झालं, बंद करते." मग अम्मी.

"नक्को लछमी, बंद नक्को कर. रैने दे. अब्बी बोलतीं वो."

हाच आवाज खाला. मी विसरले नव्हते, तो खाली दबला होता.

पुढे तुम्ही लिहिता तसा नुसता पानं कातरल्याचा आवाज आहे. बराच वेळ. अम्मी खोकते. पुन्हा खोकते. मग ती आजी बोलते, जशी अम्मी म्हणाली होती तशी. गाण्याबद्दल नाही. ती म्हणते, "किती दिस झालं गं खोकतीस तू?"

अम्मी हसते. "कुछ नै अम्मा, पत्ती की धूल है."

आजी म्हणते, "आमी जन्मभर धुळीत हाय. असं न्हाय खोकत."

मग अम्मी दुसरंच काही विचारते.

तुम्हाला हे लिहू की नको, दोन दिवस ठरवत होते. मग वाटलं, गाळलं तर तेही कापणंच होईल.

आता कामाचं. स्क्रिप्ट सुधारली आहे. डिस्क जागेवर नसेल तर ती काहीच करणार नाही आणि मला फोनवर ओरडून सांगेल. ठीक असेल तर गप्प राहील. आणि तुमचं भांडण तुम्ही जिंकलात. रोजच्या आणि रविवारच्या प्रतींशिवाय आता एक वर्षाची प्रत. खंडेनवमीला जी डिस्क असेल ती काढून पार्वतम्मांना द्यायची. ती परत मशीनला लागणार नाही. मी नवी पाठवीन. यंदाची त्यांच्याकडे आहेच.

एक काम मात्र चौकीदाराला जमत नाही. प्रत आहे एवढंच त्याला कळतं, ती वाजते का ते कळत नाही. ते माणसानेच करायचं. दर रविवारी डिस्कवरची एक फाइल उघडून शेवटपर्यंत ऐका. मधेच बंद करू नका.

तुमची,
यास्मीन

*

दाजी पेठ, सोलापूर
२२ डिसेंबर २०२५

प्रिय यास्मीन,
तुला आणि लेकीला आशीर्वाद.

न कापलेल्या फाइली मूळ जागेवर परत ठेवल्या. माझ्या कापलेल्या वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत, फाडल्या नाहीत. लायब्ररीच्या बाईंना कळवलं की खोकल्यासकट घ्यायच्या असतील तर घ्या, नाहीतर राहू द्या. त्या म्हणाल्या, विचार करून सांगते. करू दे विचार.

ते आजीचं बोलणं मी वाचलं. यास्मीन, मी तिथेच होते. हातभर अंतरावर, मशीन धरून. मग कापताना पुन्हा होते, हेडफोन लावून. दोन्ही वेळा माझं लक्ष आवाज स्वच्छ येतो का याकडे होतं.

काल रविवार. तू सांगितल्याप्रमाणे बसले. पार्वतम्मा शेजारी येऊन बसली, आंघोळ करून, मला न विचारता. मी डिस्कवरून तीच फाइल लावली. तिची आई गायली. वहिनीने डोळे पुसले नाहीत, नुसती तालावर बोटं हलवत होती, पान वळल्यासारखी. गाणं संपलं. माझा आवाज म्हणाला, झालं, बंद करते. किती घाईची बाई.

महेजबीन म्हणाली, नक्को लछमी.

मी बंद केलं नाही. पानं कातरल्याचा आवाज येत राहिला, तिचा खोकला आला, ते बोलणं आलं आणि गेलं. त्यानंतरही फाइल पुष्कळ शिल्लक होती. तिच्यात काही नव्हतं, नुसती ती खोली होती आणि आम्ही तिघी. शेवटपर्यंत बसले.

प्रत वाजते. रविवारची तपासणी झाली.

तुझी,
लक्ष्मीखाला